तारखेचं कार्ड

पेपरवाल्याने लिहिलं होतं,
‘आभाळाच्या घड्या घालणारी बाई’.
मी नायलॉनच्या घालते.
आभाळाला शिवण नसते,
आणि शिवण नसलेल्या गोष्टीचा मला भरवसा नाही.

आधी जिनिंगची पोती शिवायचे, धुळ्यात.
टाका सुटला तर कापूस सांडायचा.
इथं काय सांडतं
ते हिलाल सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
आणि मग दोन महिने दोरीला हात लावू दिला नाही.
नुसतं बघ, म्हणाले. मोजायला शीक.

हिलाल भदाणे, कापडण्याचे. फौजेतून आलेले.
उड्या किती झाल्या, विचारलं
तर म्हणतात, उतरलो तितक्या.
वारा चौदाच्या वर गेला
की विंडसॉकखाली खुर्ची टाकून बसतात.
कारखान्याच्या चेअरमनचा भाचा आला होता,
वाढदिवस, दोन गाड्या, ड्रोनवाला.
केक उन्हात बसला.
सरांनी त्याला शेंगदाणे दिले,
म्हणाले, वारा मतदार नाही भाऊ,
त्याला भेटून येता येत नाही.

शेडच्या खांबाला बिस्किटांचा जुना डबा टांगलाय.
जो कुणी ‘हुई जाई’ म्हणेल
त्याने दहा रुपये टाकायचे.
बकल जरा सैल आहे, हुई जाई.
ढग आहे, पण हुई जाई.
डबा भरला की भरीत,
कळण्याची भाकरी, वरून कच्चं तेल.
पायलटसुद्धा मांडी घालून बसतो.
सगळ्यात जास्त पैसे पायलटचेच असतात.

यावलची रुबीना तडवी उस्ताद व्हायला निघालेली.
वहीत सरांची एक सही बाकी.
तीनदा वही कोरी परत.
एकदा तर एवढंच म्हणाले,
पट्टा तपासताना बोलत होतीस.
ती नळावर जाऊन तोंड धुऊन आली.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.

त्या रविवारी पंखा फिरत होता.
नंदुरबारचा कंपाउंडर सरांच्या पोटाशी बांधलेला,
डोळे मिटून काहीतरी पुटपुटत.
दारात रुबीना. रिवाजाप्रमाणे तिने
सरांच्या पाठीवरचा कप्पा उघडला,
पिन पाहिली, कार्ड पाहिलं,
पुन्हा कार्ड पाहिलं.
राखीव छत्रीची मुदत काल संपलेली.

काल.
माझ्याच अक्षरात.

‘सर, उतरा.’
इंजिनाच्या आवाजात तिला दोनदा म्हणावं लागलं.

ते उतरले.
कंपाउंडरची बकलं सोडली, त्याला पाणी दिलं,
पैसे परत हवेत का विचारलं.
मग शेडमध्ये आले, माझ्या टेबलासमोर बसले.
माझी शेवटी ठेवलीस?
पाहुण्यांच्या आधी केल्या, म्हटलं.
ते नियमात कुठं आहे?
कुठंच नव्हतं. माझ्या मनात होतं,
आणि मनात मी काय म्हटलं होतं
ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.
मी दहा रुपये टाकले. त्यांनीही टाकले.
न पाहता पाठीवर चढवली म्हणून, म्हणाले.

वाटलं, आता रुबीनाची सही होईल.
नाही केली.
आज केली तर बक्षीस वाटेल, म्हणाले.
बुधवारी केली, वारा पडल्यावर,
चहा पिता पिता.
तिने तारीख वाचून पाहिली आणि वही मिटली.

रविवारी रात्री मी ट्यूबलाइटखाली त्यांची राखीव उघडली.
पांढरी, जिन्नसाला नवी.
दर सहा महिन्यांनी बाहेर काढते,
हवा खाऊ देते, दोऱ्या ओळीने लावते,
पुन्हा कोंबते त्याच अंधारात.
हवेत एकदाही उघडलेली नाही ती.
नकाण्याचा तलाव, लळिंगचा डोंगर
वरून कसा दिसतो, तिला माहीत नाही.
मलाही नाही.
लोक विचारतात, ताई तुम्ही कधी?
मी म्हणते, माझं काम खाली आहे.

सर शटरपाशी उभे होते,
आत आले नाहीत.
झालं का, कोकिळा?
झालं, म्हणणारच होते.
मग दोऱ्या हातात घेतल्या
आणि पहिलीपासून मोजायला लागले.